तक्रार पत्र: नव्या आवृत्तीने उंचीच्या नकाशांची केलेली नासाडी

प्रति,
विभागप्रमुख, ग्राहक सेवा,
चित्रसंपादन सॉफ्टवेअर विभाग

विषय: १६-बिट फाइल न विचारता ८-बिट होणे, प्रकाशाचा कोन उलटणे आणि वक्र मजकुरात देवनागरी मोडणे

महोदय / महोदया,

मी कादंबऱ्यांसाठी आणि पटावरच्या खेळांसाठी काल्पनिक प्रदेशांचे नकाशे काढते. तुमच्या सॉफ्टवेअरची मी जुनी वर्गणीदार आहे आणि माझे सगळे काम त्याच्यावरच चालते. गेल्या मोठ्या अपडेटनंतर ते काम जवळजवळ ठप्प झाले आहे. याबद्दल मी आधी तक्रार केली होती. त्यावर आलेले उत्तर इतके वरवरचे होते की आता सविस्तर लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

आधी कामाची पद्धत सांगते. मी सुरुवातीला करड्या छटांमध्ये उंचीचा नकाशा तयार करते. काळा रंग म्हणजे समुद्रसपाटी, पांढरा म्हणजे सर्वांत उंच शिखर. ढगांच्या फिल्टरने जमिनीला खडबडीतपणा येतो, मग डोंगरांच्या धारा आणि सोंडा ब्रशने हाताने ओढायच्या, दऱ्या कोरायच्या. त्यावर प्रकाशाचा फिल्टर चढवला की सावल्या पडतात आणि सपाट पडद्यावर डोंगर उभा राहतो. हे सगळे १६-बिटमध्येच करावे लागते. ८-बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम २५६ छटा असतात, तर १६-बिटमध्ये ६५,५३६ मिळू शकतात. माझ्या प्रदेशातले सर्वोच्च शिखर ८,००० मीटरचे धरले, तर ८-बिटमध्ये दोन छटांमधले अंतर सुमारे ३१ मीटर होते. १६-बिटमध्ये तेच अंतर १२ सेंटीमीटरवर येते.

नव्या आवृत्तीत ढगांचा फिल्टर लावला की ही फाइल गुपचूप ८-बिटवर येते. सूचना नाही, परवानगी विचारणे नाही. फाइलच्या नावापुढचा '१६' हा आकडासुद्धा तसाच दिसत राहतो. हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या छटेचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणारा आलेख, उघडला तरच खरे काय ते कळते, कारण तिथे सलग आलेखाऐवजी सुट्या उभ्या रेघा आणि मधे फटी दिसतात. त्यानंतर फाइल सेव्ह केली की गेलेल्या छटा गेल्याच. पुन्हा १६-बिट निवडून त्या परत येत नाहीत, २५६ छटाच मोठ्या डब्यात भरल्या जातात.

करड्या नकाशात हा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, कारण शेजारच्या दोन छटांमधला फरक आपल्याला ओळखू येत नाही. प्रकाशाचा फिल्टर मात्र नेमका तोच फरक मोजतो. शेजारचे पिक्सेल सारखे असतील तिथे त्याला उतार शून्य दिसतो आणि छटा बदलते तिथे एकदम कडा दिसते. त्यामुळे जिथे मी लांबच लांब, संथ उतरणारी सोंड काढली होती, तिथे आता पायऱ्यापायऱ्यांची शेते दिसतात. मैदानांची अवस्था याहून वाईट आहे. माझ्या एका नकाशात किनाऱ्यालगतचे रुंद मैदान समुद्रापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत फक्त ६० मीटर चढते. ८-बिटमध्ये या सबंध मैदानाला दोन पायऱ्या मिळाल्या. त्यातून वाहणारी नदी आता आधी पूर्ण सपाट जमिनीवर उभी राहते, मग एका सरळसोट कड्यावरून खाली येते आणि पुन्हा उभी राहते. तिचा त्रिभुज प्रदेश तर पुसलाच गेला आहे. नद्यांचे मार्ग मी उंचीच्या नकाशावरूनच ठरवते. कोणते पाणी कोणत्या खोऱ्यात उतरेल, दोन ओढे कुठे मिळतील, तळ्यातून जादा पाणी कोणत्या खिंडीतून बाहेर पडेल, हे सगळे त्या छटांमध्ये असते. छटा गेल्या की पाणलोटच गेला.

यावर तुमच्या प्रतिनिधींनी कळवले की 'थोडे ब्लर करून पाहा'. हा उपाय चालत नाही आणि का चालत नाही हे तुमच्या कंपनीतल्या कोणालाही सांगता आले असते. फाइल ८-बिटच असेल तर ब्लर करूनही छटा २५६ च राहणार, दोन पायऱ्यांमध्ये तिसरी पायरी येणार कुठून? पायऱ्यांच्या कडा थोड्या सरकतात, एवढेच. आधी १६-बिट करून मग ब्लर केले तर पायऱ्या विरतात, पण त्यांच्याबरोबर डोंगराची धारही गोल होते. अरुंद धार ब्लरमुळे खाली येते, तिच्यात नसलेली खिंड तयार होते आणि दोन खोरी एकमेकांत मिसळतात. स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहॉफ (१८९५–१९८६) यांच्या छायांकनात उंच शिखरांवर उजेड-सावलीचा विरोध तीव्र असतो आणि सखल भागाकडे तो मंद होत जातो. उठावाचे नकाशे काढणारे आजही त्यांच्याकडून शिकतात. शिखरेच बोथट झाली तर त्या पद्धतीने रंगवायला उरते काय?

त्याच उत्तरात पुढे एक वाक्य होते: 'प्रदेश काल्पनिक असल्यामुळे एवढ्या अचूकतेची गरज भासू नये.' या वाक्याने मला सर्वांत जास्त दुखावले. खऱ्या देशाच्या नकाशात एखादी नदी विचित्र वळली, तरी ती तशी वाहते म्हणून वाचक मान्य करतो. काल्पनिक प्रदेशाला असा कोणताच पुरावा नसतो. तिथे वाचकाचा विश्वास बसतो तो जमिनीच्या वागण्यावर. नद्या उताराने वाहतात, खाली येताना एकमेकींना मिळत जातात, वारा डोंगराच्या ज्या बाजूने येतो ती बाजू हिरवी असते आणि पलीकडे पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा असतो. हे जुळले की लेखकाने सांगितलेला तिथला प्रवास आणि तिथली लढाई वाचकाला खरी वाटते. त्यामुळे अचूकतेची गरज इथे जास्तच आहे.

दुसरा बिघाड प्रकाशाच्या कोनाचा. आधीच्या आवृत्तीत कोन उजवीकडून सुरू होऊन घड्याळाच्या उलट दिशेने मोजला जाई, म्हणून १३५ अंश म्हणजे वरची डावी बाजू. नव्या आवृत्तीत तो होकायंत्राप्रमाणे, वरून सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने मोजला जातो. बदलाला माझा विरोध नाही, होकायंत्राची पद्धत नकाशासाठी सोयीचीच आहे. पण जुन्या फाइलींमधले आकडे तुम्ही बदललेच नाहीत! १३५ चा आता ३१५ व्हायला हवा होता. तो १३५ च राहिला आणि उजेड खालच्या उजव्या कोपऱ्यातून येऊ लागला. खालून उजेड आला की आपल्या डोळ्यांना डोंगर खड्ड्यासारखे आणि दऱ्या डोंगरासारख्या दिसतात, नकाशात उजेड वायव्येकडून दाखवण्याचा प्रघात त्यासाठीच आहे. माझ्या जुन्या नकाशांमधल्या सगळ्या डोंगररांगा आज नद्यांच्या घळींसारख्या दिसत आहेत.

तिसरी गोष्ट देवनागरीची. नदीचे नाव तिच्या वळणाबरोबर वळवून लिहायचे असते. नव्या आवृत्तीत वक्र रेषेवर मजकूर टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाते, रफार सुटून भलत्याच अक्षरावर बसतो आणि जोडाक्षरे पाय मोडून वेगळी होतात. सरळ ओळीत तोच फॉन्ट व्यवस्थित दिसतो, म्हणजे दोष फॉन्टचा नाही. सध्या मी प्रत्येक नाव सरळ ओळीत लिहून, त्यातल्या अक्षरांचे रेखाकृतीत रूपांतर करून, मग हाताने वाकवते. नाव बदलायचे ठरले की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

माझी मागणी अशी आहे. ढगांच्या फिल्टरमधला दोष दुरुस्त करावा आणि तोपर्यंत फाइल १६-बिटवरून ८-बिटवर आणणाऱ्या प्रत्येक क्रियेआधी स्पष्ट सूचना द्यावी. जुन्या फाइलींमधले कोन नव्या पद्धतीत आपोआप बदलून मिळावेत. वक्र मजकुरात देवनागरीची जोडणी सरळ ओळीसारखीच व्हावी. दुरुस्ती होईपर्यंत मला आधीची आवृत्ती त्याच वर्गणीत वापरायला द्यावी, आणि ते शक्य नसेल तर उरलेल्या मुदतीची रक्कम परत करावी. उत्तर कृपया फाइली प्रत्यक्ष उघडून पाहणाऱ्या तांत्रिक व्यक्तीकडून यावे.

सोबत किनाऱ्याच्या मैदानाची मूळ १६-बिट फाइल, नव्या आवृत्तीत फिल्टर लावल्यानंतरची फाइल, दोन्हींचे हिस्टोग्राम आणि वक्र मजकुराचे नमुने जोडले आहेत.

आपली,
एक वार्षिक वर्गणीदार