प्रॉडक्ट डिझायनरला टूलरूम हवी

महोदय,

बारावीनंतरच्या करिअरविषयक लेखांत हल्ली प्रॉडक्ट डिझाइन असतेच. यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा, स्केचिंगचे क्लास यांची माहिती मिळते. पदवीनंतर प्रत्यक्ष काय करावे लागते, याबद्दल मात्र फारसे कुणी लिहीत नाही, आणि बदल तिथेच झाला आहे.

नवा डिझायनर पूर्वी पहिली काही वर्षे स्केच आणि रेंडरिंग करत शिकायचा. ती देखणी चित्रे आता एआय काही मिनिटांत काढते. म्हणून वस्तू साच्यातून नीट निघेल का, हे त्याला सुरुवातीपासूनच सांगता यायला हवे.

थ्रीडी प्रिंटर इथे दिशाभूल करतो. प्रिंटमध्ये भिंत कुठेही जाड-पातळ चालते, बाजूंना ढाळ लागत नाही. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरून वस्तू बनवताना, हे चालत नाही. एबीएस या प्लास्टिकच्या आवरणाची भिंत अडीच मिमी असेल, तर आतली रिब (आधाराची पट्टी) दीड मिमीच्या वर जाऊ देऊ नये. जाड रिबच्या मुळाशी प्लास्टिक साठते, उशिरा थंड होते, आकसते आणि बाहेरच्या बाजूला सिंक मार्क, म्हणजे खळगा, पडतो. तसेच ड्राफ्टचे, म्हणजे बाजूंच्या ढाळाचे. १०० मिमी खोल डब्याला प्रत्येक बाजूस १ अंश ड्राफ्ट दिला, की तोंडापेक्षा तळ सुमारे साडेतीन मिमीने अरुंद होतो. हा हिशेब उशिरा केला तर तळाशी बसवायचा पीसीबी (सर्किट बोर्ड) मावत नाही. ड्राफ्ट दिलाच नाही तर भाग साच्याला धरून बसतो आणि निघताना ओरखडे पडतात.

साच्यातले पोलाद कापणे सोपे, पण भरायचे तर वेल्डिंग करून पुन्हा मशिनिंग करावे लागते. म्हणून खटक्यांसारख्या जुळणाऱ्या जागी आधी प्लास्टिक किंचित कमी ठेवायचे आणि पहिल्या ट्रायलनंतर पोलाद कापून, म्हणजे तिथे प्लास्टिकला जागा वाढवून, घट्टपणा आणायचा. हे वर्गात फळ्यावर सांगून उमगत नाही.

चार-पाच वर्षांनी वाटा फुटतात: कुणी टूलिंगकडे, कुणी रंग-पोत-मटेरियलकडे, कुणी वापरणाऱ्यांच्या अभ्यासाकडे. बरेच जण पगारासाठी ॲपच्या स्क्रीनकडे वळतात. त्यात वावगे काही नाही, पण तिथून वस्तूंकडे परतणे कठीण असते, हे आधीच माहीत असावे.

आमची मागणी अशी, की डिझाइन महाविद्यालयांनी किमान आठ आठवडे टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवण्याच्या कार्यशाळेत, काम सक्तीचे करावे. भोसरी, चाकण इथे साचे बनतात. छत्रपती संभाजीनगरात इंडो-जर्मन टूल रूम आहे. पोर्टफोलिओत चकचकीत रेंडरबरोबर पहिल्या ट्रायलचे सदोष भाग आणि त्यानंतर साच्यात केलेली दुरुस्तीही दाखवावी. नोकरी देणारा आधी तेच बघतो.

आणखी एक. डिझाइन्स ॲक्ट, २००० नुसार नोंदणीचे संरक्षण १० वर्षे मिळते, पुढे ५ वर्षे वाढवता येते. पण अर्जाआधीच डिझाइन इंटरनेटवर टाकले तर ते नवे राहत नाही आणि नोंदणीचा हक्क जाऊ शकतो. पोर्टफोलिओ अपलोड करायला शिकवण्याआधी विद्यार्थ्यांना हे सांगितले गेले पाहिजे.

– प्रॉडक्ट डिझायनरांचा एक गट, पुणे