इंजेक्शन हुडकायला या, पण कोंबडीचे पाय बी बघून जा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रात एका ताईंनी लिहिलं होतं की मॉलमधल्या फ्राइड चिकनच्या कोंबड्या इंजेक्शन देऊन चाळीस दिवसात फुगवतेत, लेकरांना देऊ नका. द्यायचं का नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं, माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण मी जिंतूर तालुक्यात नऊ वर्षापासून कंपनीचं ब्रॉयलरचं, म्हणजे मांसाच्या कोंबडीचं, शेड चालवतो, पाच हजार पक्ष्याचं, आणि हे इंजेक्शनचं ऐकून ऐकून कान किटलेत म्हणून लिहायलोय.

दिवाळीत भाचा आला होता संभाजीनगरहून, इंजिनिअरिंगला आहे. चहा बी न घेता शेडात गेला आणि औषधाच्या कपाटात हुडकायला लागला, मला म्हणे मामा इंजेक्शन कुठं ठेवता. मी एक कोंबडी धरून त्याच्या हातात दिली, म्हणलं समज हिला सुई मारली, आता सोड आन दुसरी धर. एकीला दहा सेकंद जरी धरले तरी पाच हजाराला चौदा तास लागतेत, त्यात एकदा टोचून भागत नाही, सारखं सारखं टोचावं लागल. कोण टोचणार, मी आन तुझी मामी? बरं खाद्यात मिसळावं म्हणलं तर ग्रोथ हार्मोन म्हणजे प्रोटीनच, पोटात गेलं की वरणासारखं पचून जातंय. हसला, पण पटलं असं काही दिसलं नाही, कारण लगेच म्हणाला मग चाळीस दिवसात दोन किलो होतेच कशी.

जातीमुळं होते. अमेरिकेत 1948 ला ‘उद्याची कोंबडी’ अशा नावानं देशपातळीवर स्पर्धाच घेतली होती, जास्त मांसाची कोंबडी कोण तयार करतंय त्याची, आणि तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या जी लवकर वाढती तिचंच बी पुढं ठेवत आलेत. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं 2014 ला एक प्रयोग छापला, त्यात 1957 ची जात, 1978 ची जात आणि 2005 ची जात शेजारी शेजारी वाढवली, तिघींना सारखंच खाद्य. 56 दिवसाला वजन भरलं 905 ग्रॅम, 1808 ग्रॅम आणि 4202 ग्रॅम. औषध नाही, टॉनिक नाही, निस्ता जातीचा फरक. आपल्याकडं हायब्रिड ज्वारी आली तेव्हा म्हातारे म्हणायचेच की हिच्या भाकरीत दम नाही, पण कणसात कोणी सुई मारली असं तर कोणी म्हणलं नाही.

माझ्याकडं पिल्लू येतंय तेव्हा जेमतेम चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं असतंय, मुठीत मावतंय. पहिला आठवडा बल्बाखाली उबीला ठेवायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी मानमोडी रोगाची लस, ती डोळ्यात थेंब टाकून, बायको एकेक पिल्लू धरून देती आणि मी थेंब सोडतो, पिल्लानं डोळा मिटला की समजायचं गेला आत. पुढं गंबोरो रोगाची लस पाण्यातून. लोकं हेच कुठंतरी बघतेत आन इंजेक्शन म्हणून सांगत फिरतेत असा माझा अंदाज आहे. खाद्य म्हणजे मका आणि सोयाबीनची पेंड, म्हणजे तुमचंआमचंच पीक, साडेतीन किलोच्या आसपास खाल्लं की सव्वादोन किलोचा पक्षी होतो.

या कोंबड्या पिंजऱ्यात कोंबून वाढवतेत म्हणतेत, ते बी तसंच खोटं. पिंजऱ्यात असतेत त्या अंड्याच्या कोंबड्या. ब्रॉयलर खाली तुसाच्या गादीवर मोकळी असती, मोकळी म्हणजे एका पक्ष्याला एक चौरस फूट जागा, आता याला मोकळं म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा. आणि आठ पायाच्या, सहा पंखाच्या कोंबडीचे फोटो अजून बी आमच्या गावच्या ग्रुपवर येतेत, केएफसीनं त्याच अफवेपायी 2015 ला चीनमध्ये तीन कंपन्यांवर केस टाकली होती तरी.

अफवेचा मार कसा बसतो ते आम्ही 2020 ला बघितलं. चिकननं कोरोना होतोय म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणी विचारीना, कंपनी पक्षी उचलीना, खाद्य संपलं, पन्नास दिवसाची कोंबडी शेडात. शेवटी गावात फुकट वाटल्या, त्या बी काहींनी लांबूनच नको म्हणलं.

आता दुसरी बाजू बी लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल कंपनीचा माणूस दिसतोय.

पस्तिसाव्या दिवसानंतर शेडात पाय ठेवा. पिल्लं असताना दार उघडलं की सगळी पळतेत, आता कोणी हलत नाही. छाती एवढी वाढलेली असती की पायाला तोलत नाही, दोन पावलं टाकून बसती, काही तर खाद्याच्या भांड्यापाशीच बसून राहतेत. काहींच्या पोटात पाणी होतंय, हृदयाला झेपत नाही. मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला दुपारी पत्र्यावर पाणी मारतो, ओला बारदाना बांधतो तरी जी मरती ती सगळ्यात मोठी, सगळ्यात चांगली वाढलेलीच मरती. लाइट रात्रभर चालू असती हे बी खरं आहे, त्यानं खाणं चालू राहतंय. यातलं काहीच इंजेक्शनानं होत नाही, ज्या जातीचं आम्ही कौतुक करतो तिचंच हे दुखणं आहे.

आणि अँटिबायोटिक. दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या संस्थेनं 2014 ला दिल्ली भागातले कोंबडीच्या मांसाचे 70 नमुने तपासले होते, 40 टक्क्यात अँटिबायोटिकचा अंश सापडला. सरकारनं 2019 ला कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक जनावरं-कोंबड्यांसाठी बंद केलं, कारण ते माणसाचं शेवटचं औषध आहे. पण माझ्याच शेडात चार वर्षांखाली कंपनीचा सुपरवायझर लिफ्टिंगच्या, म्हणजे पक्षी उचलायच्या, दोन दिवस आधीपर्यंत पाण्यातून औषध सोडा म्हणत होता. मी म्हणलं डब्यावर तर विक्रीच्या किती दिवस आधी बंद करायचं ते छापलंय, तर म्हणाला मर वाढली तर तुमच्या चार्जमधून कटल. किलोमागं सात रुपये मिळतेत आम्हाला. मी सोडलं औषध. ते ताईंना सांगायला पाहिजे होतं.

मॉलवाल्यांना लई मोठा पक्षी लागत नाही, एका मापाचा, लहानच लागतो, त्यामुळं त्यांचा माल आमच्या बाजारातल्या कोंबडीपेक्षा उलट लवकर उचलला जातो. त्या काउंटरवर कोणी इंजेक्शनचं विचारण्यापेक्षा औषध किती दिवस आधी बंद केलं होतं ते विचारलं तर तो पोरगा गप्प बसल, पण चार जणांनी विचारलं तर वर कळवल.

आमची चालू बॅच येत्या 18 तारखेला रात्री उचलणार आहेत. ताईंना, नाहीतर तुमच्या बातमीदाराला बघायचं असलं तर त्याच्या आधी पाठवा. चपला बाहेर काढाव्या लागतील आणि दाराशी पाण्यात पाय बुडवून मगच आत सोडीन, दुसऱ्या शेडावरनं आलेल्याला मात्र सोडणार नाही.

आपला,
एक पोल्ट्रीवाला, ता. जिंतूर, जि. परभणी