पाणाड्याची परीक्षा आणि देवाचा प्रश्न

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

चमत्कारांमागचे विज्ञान दाखवणाऱ्या शालेय कार्यक्रमांविषयी दोन प्रकारची पत्रे वाचायला मिळतात. एक म्हणते, 'हे लोक मुलांना नास्तिक करतात.' दुसरे उत्तर देते, 'विज्ञानाने देव नाही हे केव्हाच सिद्ध केले आहे.' दोघांची गफलत एकच आहे. दाव्याची चाचणी हे एक काम आहे आणि ईश्वर आहे की नाही याचा विचार हे दुसरे. ही दोन कामे वेगळी कशी, ते आपल्याच भागातल्या उदाहरणावरून स्पष्ट करता येते.

जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांत बोअर मारण्याआधी पाणाड्याला बोलावण्याची पद्धत आहे. कोणी उंबराची बेचकी धरतो, कोणी तांब्याच्या तारा, कोणी तळहातावर नारळ ठेवून चालतो. जमिनीखाली पाणी असेल तेथे काटकी वळते किंवा नारळ उभा राहतो, असा दावा असतो. या दाव्याची परीक्षा एका दिवसात, माफक खर्चात होते.

सपाट रानात अर्धा मीटर खोल चर खणून पीव्हीसी पाइप पुरावा. सांधे आधी पाणी सोडून तपासावेत, कारण एखादा सांधा पाझरला तर 'ओलीमुळे काटकी सारखीच वळत होती' हा वाद शेवटपर्यंत मिटत नाही. पाइपाला उतार द्यावा, नाहीतर व्हॉल्व्ह बंद केल्यावरही आत पाणी साठून राहते. मोटार पूर्णवेळ चालू ठेवावी आणि पाणी या पाइपात किंवा दूरच्या दुसऱ्या पाइपात वळवावे, म्हणजे आवाजावरून अंदाज येत नाही. पाइप कोठे पुरला आहे ते पाणाड्याला सांगायचेच. त्याने फक्त एवढे ओळखायचे की या घडीला त्यातून पाणी वाहते आहे की नाही.

पहिल्या पाच फेऱ्या उघड्या घ्याव्यात. पाणी चालू की बंद हे त्याला सांगूनच काटकी धरायला द्यावी आणि 'आज शक्ती चालते आहे, जागेत अडथळा नाही' असे त्याच्याकडून लिहून घ्यावे. ही पायरी गाळली की परीक्षेनंतर ग्रहण, विटाळ किंवा बघ्यांची अश्रद्धा यांपैकी एखादे कारण हमखास पुढे येते. मग 20 बंद फेऱ्या. प्रत्येक फेरीला नाणे उडवावे, कारण माणसाच्या मनावर सोडले तर तो चालू-बंद असे आलटूनपालटून करतो आणि समोरच्याला ते लवकर उमगते. व्हॉल्व्हवाला आडोशाला असावा. पाणाड्याजवळ उभा राहणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नसावे, कारण नजर आणि चेहरा नकळत बोलून जातात. दोन्हीकडच्या नोंदी वेगवेगळ्या कागदांवर ठेवून पाकिटात बंद कराव्यात आणि 20 फेऱ्या संपल्यावरच सर्वांसमोर उघडाव्यात.

किती उत्तरे बरोबर आली म्हणजे दावा खरा धरायचा, हे आधी ठरले पाहिजे. बहुतेक चाचण्या इथेच बिघडतात. नुसत्या अंदाजाने सरासरी 10 उत्तरे बरोबर येतात. 12 किंवा त्याहून अधिक बरोबर येण्याची शक्यता 100 पैकी 25 आहे. म्हणजे 'निम्म्याहून जास्त बरोबर!' या मथळ्याला काहीच वजन नाही. 15 किंवा अधिक येण्याची शक्यता 100 पैकी 2, म्हणून 50 जणांची परीक्षा घेतली तर एखादा निव्वळ नशिबाने तेथवर पोहोचेल. 17 किंवा अधिक बरोबर येणे मात्र सुमारे 775 वेळांत एकदा घडते. तेव्हा रेषा 17 वर आखावी, आणि तेथवर पोहोचणाऱ्याची दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा घ्यावी. जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 मध्ये सुमारे 500 पाणाड्यांतून निवडलेल्या 43 जणांवर 843 चाचण्या झाल्या. मोजक्या काहींना खरी शक्ती असल्याचा निष्कर्ष प्रयोगकर्त्यांनी काढला. अमेरिकी शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी 1999 मध्ये तीच आकडेवारी तपासली, तेव्हा एका मालिकेतले यश त्याच माणसाच्या दुसऱ्या मालिकेत टिकलेले दिसले नाही. चांगले निकाल मागाहून वेचले की असे होते.

मग गावात पाणाड्याचे पाणी लागते कसे? आपल्याकडचा खडक बेसाल्टचा. वरचा झिजलेला मुरूम, खालचे भेगाळ व सच्छिद्र थर यांत थोडेफार पाणी पुष्कळ ठिकाणी असते. त्यामुळे डोळे मिटून जागा निवडली तरी बऱ्याच बोअरना ओल लागते. किती खोलीवर, किती इंच आणि उन्हाळ्यात टिकेल का, हे खरे प्रश्न. काटकी वळते ती हातामुळे, पण फसवणुकीच्या हेतूने नव्हे. बेचकी ताणून धरली की मनगटाच्या बारीकशा हालचालीने उलटते, आणि ती हालचाल आपण केली हे धरणाऱ्याला कळतही नाही. बहुतेक पाणाडे प्रामाणिक असतात, हे चाचणी घेणाऱ्याने कधी विसरू नये.

ही नकळत होणारी हालचाल पकडण्याचा नमुनेदार प्रयोग मायकेल फॅरेडे यांनी 1853 मध्ये केला. लोक टेबलाभोवती हात ठेवून बसत, टेबल फिरे आणि ते आत्म्यांचे काम समजले जाई. फॅरेडेंनी हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवले आणि ते मऊ चिकट गोळ्यांनी जोडले. टेबल हाताला ओढत असेल तर खालचा थर पुढे सरकलेला दिसेल, हात टेबलाला ढकलत असतील तर वरचा. वरचाच पुढे सरकला होता. हात किती सरकतो हे दाखवणारा काटा समोर ठेवल्यावर तर टेबल फिरायचेच थांबले. हे फॅरेडे आयुष्यभर सँडेमनियन या लहानशा ख्रिस्ती पंथाचे निष्ठावान अनुयायी होते. त्यांची श्रद्धा त्या पुठ्ठ्याच्या आड आली नाही आणि त्या पुठ्ठ्याने त्यांची श्रद्धाही खोडली नाही.

ईश्वराचा प्रश्न अशा प्रयोगाने सुटत नाही, त्याला युक्तिवाद लागतो. तो आपल्या परंपरेत भरपूर आहे. मीमांसा या वैदिक दर्शनाचे आचार्य कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिक या ग्रंथात विचारले, सृष्टीच नव्हती तेव्हा प्रजापती कोठे होता, कोणत्या शरीराने होता? हेतूशिवाय तर मंदबुद्धीचा माणूसही काही करत नाही, मग सृष्टी कशासाठी केली? करुणेपोटी म्हणावे तर करुणा करावी असा जीवच नव्हता. हे विचारणारा माणूस वेदांचा आणि यज्ञाचा कडवा समर्थक होता. पुढे दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराची बाजू मांडली: जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवा. दोन्ही बाजूंनी तर्कच वापरला. याच मीमांसेचा सात खंडांचा मीमांसाकोश वाईच्या केवलानंद सरस्वतींनी सिद्ध केला, आणि त्यांच्याच प्राज्ञपाठशाळेत शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे जडवादाचे समर्थक झाले. कराडजवळच्या टेंभूचे आगरकर बुद्धीच्या कसोटीला उतरेल तेच मानत राहिले. निरीश्वरवाद बाहेरून आलेला आहे असे म्हणणाऱ्यांनी निदान वाईपर्यंत जाऊन यावे.

विज्ञानाचा या वादाशी काहीच संबंध नाही, असेही आम्ही म्हणत नाही. देव जगात अमुक घडवतो असे म्हटले की ते विधान तपासणीच्या कक्षेत येते. देवीच्या कोपाने देवीचा रोग होतो, हे असेच विधान होते. लस टोचत गेलो, भारतातला रोग 1975 मध्ये थांबला, 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून गेल्याचे जाहीर केले. कोपाचे ते विधान गेले, पण शीतलादेवीची पूजा चालू आहे. यातून नास्तिक माणूस म्हणतो की कारण म्हणून देवाची गरज एकेक ठिकाणी संपत आली आहे, तेव्हा तो आहे हे दाखवण्याचा भार मानणाऱ्यावर आहे. हा युक्तिवाद आम्हाला पटतो. पण तो युक्तिवाद आहे, प्रयोगशाळेचा निकाल नव्हे. तो निकाल म्हणून मुलांपुढे ठेवणारा शिक्षक चुकतो.

काही दावे मात्र माणसांवर तपासताच येत नाहीत. मंत्राने सर्पविष उतरते, हा त्यांतला सर्वांत घातक. तो खरा वाटतो, कारण चावणारे पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. मण्यारचा दंश तर रात्री झोपेत, जवळजवळ वेदनेशिवाय होतो. काही तासांनी पापण्या जड होतात, मग श्वास. प्रतिविषाच्या साधारण 8 ते 10 कुप्यांनी उपचार सुरू होतो, आणि मांत्रिकाकडे गेलेला वेळ नेमका यातूनच वजा होतो. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा म्हणूनच साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखणे हा गुन्हा मानतो. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे कैद आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंड. पूजा, वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा यांना त्यात स्पष्ट मोकळीक आहे. हा कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झटलेले साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाली. आपली अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माच्या नव्हे तर शोषणाच्या विरोधात आहे, हे दाभोलकर जाहीरपणे मांडत असत. तरी त्यांच्यावर धर्मद्रोहाचा शिक्का मारला गेला, याची खंत आजही वाटते.

आमची विनंती ग्रामपंचायतींना आणि शाळांना आहे. पाणाड्याच्या चाचणीसाठी तिघे नेमावेत: विज्ञानाचा शिक्षक, गावातला एखादा माळकरी आणि स्वतः पाणाड्याने निवडलेला माणूस. मार्च-एप्रिलमध्ये, बोअरच्या गाड्या गावात यायच्या वेळी, ती घ्यावी. शिवाय गावात होणाऱ्या प्रत्येक बोअरची नोंद ठेवावी: तारीख, गट क्रमांक, जागा पाणाड्याने दाखवली की भूजल सर्वेक्षण यंत्रणेने की मालकाने स्वतः, खोली, लागलेले पाणी आणि पुढच्या मे महिन्यातली स्थिती. कोरड्या गेलेल्या बोअरही लिहाव्यात. त्या सहसा कोणी सांगत नाही आणि त्यांच्याशिवाय तुलना होत नाही. यंत्रणेची जागाही चुकू शकते, तीही त्याच वहीत, त्याच रकान्यात यावी.

आपले,
विज्ञान व तत्त्वज्ञान शिकवणारे दोन शिक्षक,
विटा, जि. सांगली