दुसरा राऊटर विकणाऱ्याने तो नीट जोडूनही द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकमध्ये सिडको आणि इंदिरानगर परिसरात सुरुवातीला बैठी असलेली अनेक घरे कुटुंब वाढले तशी दुमजली-तिमजली झाली. अशा घरात फायबरची तार तळमजल्यावर दाराजवळ येते, राऊटर तिथेच भिंतीला ठोकला जातो आणि दोन स्लॅब ओलांडून वरच्या खोलीत इंटरनेट धड पोहोचत नाही. काँक्रीट आणि त्यातील लोखंडी सळ्या वायफायच्या लहरी अडवतात. पाच गिगाहर्ट्‌झचा वायफाय-लहरींचा पट्टा वेगवान असला तरी भिंतींपुढे तो २.४ गिगाहर्ट्‌झपेक्षा लवकर दमतो. तक्रार केली की महागडा प्लॅन घ्या किंवा दुसरा राऊटर बसवा, असे सांगितले जाते. महागड्या प्लॅनने स्लॅब पातळ होत नाही. दुसरा राऊटर हा उपाय योग्य आहे. पण तो कसा जोडायचा, हे विकणाऱ्यालाच ठाऊक नसते, असा माझा अनुभव आहे.

आमच्या तिमजली घरात सून वरच्या मजल्यावरून कार्यालयाचे काम करते. तिच्यासाठी आम्ही दुसरा राऊटर घेतला. दुकानातून आलेल्या मुलाने खालून वर केबल ओढली, ती नव्या राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचे इंटरनेट घेण्याच्या खाचेत, खोचली, नवे नाव आणि नवा पासवर्ड ठेवला आणि पैसे घेऊन तो गेला. वर इंटरनेट आले, पण घराची दोन घरे झाली. वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर सापडेना आणि गच्चीवरच्या कॅमेऱ्याचे चित्र तळमजल्यावरच्या संगणकावर उघडेना. कारण नव्या राऊटरने वरच्या मजल्यापुरते स्वतःचे वेगळे जाळे उभे केले होते आणि खालचे जाळे त्याच्या दृष्टीने बाहेरचे होते.

पुन्हा तक्रार केल्यावर दुसरा माणूस आला. त्याने केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातील उपकरणे जोडण्याच्या खाचेत, घातली आणि बाकी कशालाही हात लावला नाही. त्या संध्याकाळपासून घरातल्या कोणत्या मोबाइलला इंटरनेट मिळेल, याचा काही नेम राहिला नाही. घरातील प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटून देण्याचे काम राऊटर करतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. आता एकाच जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे झाले होते. खालच्या राऊटरकडून पत्ता मिळालेल्या मोबाइलवर सर्व सुरळीत चाले. वरच्याकडून मिळाला तर ‘वायफाय जोडले आहे, इंटरनेट नाही’ एवढीच सूचना दिसे. सुनेची महत्त्वाची बैठक त्यात बुडाली आणि आम्ही तीन दिवस कंपनीच्या फायबरला दोष देत बसलो.

अंबडच्या एका कारखान्यात संगणकांच्या जाळ्याचे काम पाहणाऱ्या माझ्या भाच्याने अखेर हे वीस मिनिटांत निस्तरले. त्याने खालची केबल काढून नवा राऊटर एकट्या लॅपटॉपला जोडला, त्याचा पत्ता १९२.१६८.०.१ होता तो बदलून १९२.१६८.१.२ केला, म्हणजे तो खालच्या १९२.१६८.१.१ या राऊटरच्याच ओळीत आला. खालचा राऊटर तोच पत्ता आणखी कुणाला देणार नाही, हेही त्याने पाहिले. नव्या राऊटरचे डीएचसीपी बंद केले, वॅन पोर्ट रिकामा ठेवला आणि केबल लॅनमधून लॅनमध्ये जोडली. दोन्हीकडे वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवले, मात्र २.४ गिगाहर्ट्‌झचे चॅनेल, म्हणजे पट्ट्यातील मार्गिका, खाली १ आणि वर ११ असे वेगळे दिले, म्हणजे दोघे एकमेकांवर बोलत नाहीत. हल्लीच्या अनेक राऊटरमध्ये यासाठी ‘ॲक्सेस पॉइंट’ नावाचा तयार पर्याय असतो. तो निवडला की यातील बहुतेक खटाटोप उरत नाही. आमच्या राऊटरमध्येही तो होता. आधी आलेल्या दोघांपैकी एकानेही तो उघडून पाहिला नव्हता.

आणखी एक दोष भाच्याच्याच लक्षात आला. केबलच्या आठ तारांपैकी चारच तारा टोकाला बसवल्या होत्या. चार तारांवर १०० एमबीपीएसच्या वर वेग जात नाही आणि आम्ही पैसे भरत होतो २०० च्या प्लॅनचे. स्वस्त राऊटरचे पोर्टही अनेकदा १०० चेच असतात, हे ग्राहकाला विकत घेण्यापूर्वी कुणी सांगत नाही.

केबल ओढायला नको म्हणून काही ठिकाणी रिपीटर, म्हणजे वायफाय झेलून पुढे पाठवणारे यंत्र, गळ्यात मारला जातो. एकाच पट्ट्यावर चालणारा साधा रिपीटर त्याच लहरींवर ऐकतो आणि त्याच लहरींवर पुढे पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. पंचवटीतील किंवा जुन्या नाशकातील जाड भिंतींच्या वाड्यात जिथे केबल नेणे खरोखर अशक्य आहे, तिथे चांगल्या प्रतीची मेश यंत्रणा, म्हणजे आपसांत वायफायने जोडून एकच जाळे चालवणाऱ्या राऊटरचा संच, घ्यावी. इतरत्र केबलच टाकावी. कॅट ५ई प्रकारची केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग नेते, आपल्या घरांना त्याच्या पाव लांबीही लागत नाही. फक्त ती विजेच्या वायरच्या पाइपमधून नेऊ नये.

शहरातील इंटरनेट सेवा देणाऱ्या सर्व व्यावसायिकांना आणि राऊटर विकणाऱ्या दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी जोडणीसाठी पाठवायच्या मुलांना एवढे काम शिकवून मगच पाठवावे. निघण्यापूर्वी प्रत्येक मजल्यावर ग्राहकासमोर वेग मोजून दाखवावा आणि दोन्ही राऊटरच्या सेटिंगचे पासवर्ड मराठीत लिहिलेल्या कागदावर ग्राहकाच्या हाती द्यावेत. आमच्याकडे खालच्या राऊटरचा पासवर्ड मिळवायलाच चार फोन करावे लागले.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक