मा. क्रीडामंत्री, खेळाडूनं कुणाच्या मर्जीवर जगायचं?

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न.

माझी मुलगी राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेसाठी निवडली गेली, तेव्हा सत्काराच्या व्यासपीठावरून एका पदाधिकाऱ्यांनी प्रवासखर्चाचा शब्द दिला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. परवा उत्तर आलं, तरतूद नाही! त्या शब्दावर विसंबून आम्ही हातउसने पैसे घेतले, चाळीस-पंचेचाळीस हजार तरी असतील. पुढच्या स्पर्धेला जात नाही, असं आता पोरगीच म्हणते. बापानं काय बोलावं?

साहेब, मीर सुलतान खानचं नाव ऐकलंय का? आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या मिठा टिवाना गावचा, सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी असलेला. देशी पद्धतीनं बुद्धिबळ खेळणारा. प्यादं पहिल्याच खेळीत दोन घरं जाऊ शकतं, हेही त्याला नव्यानं शिकावं लागलं. १९२९ मध्ये मालकाबरोबर लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. इंग्लंडातल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यानं माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. टार्टाकोवर या त्या काळच्या नामवंत खेळाडूविरुद्ध सामना जिंकला. देशांच्या संघांच्या तीन बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर, म्हणजे संघातल्या अव्वल जागी बसला, तेही मलेरियानं पोखरलेल्या अंगानं. आणि अमेरिकेचा बुद्धिबळपटू रूबेन फाइन लिहून ठेवतो की मालकाकडे जेवायला गेलो, तर हाच माणूस आम्हाला वाढत होता. हे वाचून माझ्या अंगाची लाही झाली.

१९३३ च्या शेवटी मालक मायदेशी परतला, त्याच्याबरोबर सुलतान खानही. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर या बुद्धिबळपटूविरुद्ध दहा डाव खेळला, एक बरोबरीत, बाकी सगळे जिंकले. मग शेती. १९५० मध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं २७ जणांना ग्रँडमास्टर केलं, त्यात हा नाही. १९६६ मध्ये सरगोध्यात वारला. ग्रँडमास्टरचा मानद किताब मिळाला २०२४ मध्ये. मेल्यावर अठ्ठावन्न वर्षांनी!

तेव्हा जमीनदाराची मर्जी होती, आज पदाधिकाऱ्याची आहे. बदललं काय? पदक आणलं की हार घेऊन सगळे हजर, तोवर दारात कुणी उभं करत नाही. खेळच कशाला, रेशनपासून दाखल्यापर्यंत सामान्य माणसाचा हक्क या राज्यात कुणाच्या तरी कृपेवरच चालतो.

मला उपकार नकोत. व्यासपीठावरून जाहीर झालेली प्रत्येक मदत त्याच आठवड्यात लेखी, रकमेसह खेळाडूच्या हाती पडावी, असा आदेश काढा. आणि पुढच्या स्पर्धेसाठी माझ्या मुलीच्या प्रवेशाची मुदत महिनाअखेरीस संपते. त्याआधी मला हो किंवा नाही कळवा, आपल्या सहीनं.

एका खेळाडूचा बाप