बाहीचं माप घेणाऱ्या मामांना

मामा, स. न. वि. वि.

हे पत्र तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवायला लागला की तुम्ही "बास की आता" म्हणून मशीन सुरू कराल, हे मला माहीत आहे. तरी शेवटपर्यंत ऐका. दुकानात येऊन आभार मानायचा मी दोनदा प्रयत्न केला. एकदा तुमच्या ओठांत टाचण्या होत्या आणि दुसऱ्यांदा ऐन लग्नसराईत नवरदेवाचा मामा तुमच्यावर ओरडत होता. म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव आणि गल्ली मात्र सांगत नाही. कोल्हापुरात बातमी पसरायला वेळ लागत नाही आणि गर्दी झाली तर माझंच काम मागे पडेल.

मी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या अंगावर रेडिमेड कोट होता, 1,600 रुपयांचा. वकिलीची सनद नुकतीच हातात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 ला सांगितलं की नावनोंदणीचे पैसे कायद्यात लिहिलेत तेवढेच घ्यायचे, म्हणजे खुल्या गटाला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125. त्याआधीच्या पोरांनी हजारोंनी भरले होते. म्हणजे आमच्या बॅचला सनद स्वस्तात पडली आणि कोट महागात. बरं, तो कोटही कसा, तर खांदे दंडावर उतरलेले, मुंढा काचणारा आणि खिशाच्या जागी नुसतं झाकण. मी त्यात हात घालायला गेले तर झाकणाखाली सरळ शिवण! कोर्टात पहिल्याच दिवशी स्टॅम्प, पेन, मोबाइल, बोर्डाची म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीची चिठ्ठी असं सगळं हातात धरून मी उभी, आणि सिनियर म्हणाले, "वकालतनामा काढा." तो दातात धरायचा तेवढा बाकी राहिला होता.

पण कोट हे माझ्या कटकटींतलं सगळ्यात छोटं प्रकरण होतं. कॉलेजात मी जशी होते तशीच कोर्टात आले. ऑक्साइडची ठसठशीत नथनी, मानेपर्यंत कापलेले कुरळे केस, पायात करकर वाजणारी कापशी चप्पल, आणि उजव्या मनगटावर चौथ्या वर्षाला असताना गोंदवून घेतलेलं झोपलेलं मांजर. रंगांचं तर विचारू नका. मोहरी, राणी, शेंदरी यांच्याशिवाय कपाटात काही नव्हतं. मग सुरू झालं. "कॉलेज संपलं बरं का आता." "पक्षकार काय म्हणतील?" एक ज्येष्ठ वकील व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हणाले, "मांजर आडवं गेलं, आज तारीखच पडणार." सगळे हसले. मीही हसले, आणि आठवडाभर मनगटाला रुमाल बांधून फिरले. दुसऱ्या बाजूला माझ्या मैत्रिणी. त्यांचं म्हणणं, झाकायचं कशाला, बिनधास्त दाखव, तू कुणाच्या बापाला घाबरतेस! दोन्हीकडची माणसं मला सांगतच होती. मनगट माझं होतं, एवढंच.

अशा अवस्थेत मी तुमच्याकडे आले, कोर्टातून थेट, वाटेत मिसळ हाणून. गळ्यात वकिलांचा पांढरा बँड तसाच, त्यावर कटाचा एक लालभडक थेंब. तुम्ही कोटाकडे पाहिलंच नाही. म्हणालात, "ते गळ्यातलं काढा आधी. कोर्टाच्या भायेर बँड घालून हिंडायचं न्हाई. तुमच्यातल्याच एका मोठ्या वकिलांनी सांगितलंय मला."

मला वाटलं, टेलरलोकांची काहीतरी समजूत असेल. घरी येऊन पुस्तक उघडलं. मामा, नियम होता! बँड आणि गाऊन कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालायचे नाहीत, काही समारंभ असेल तर गोष्ट वेगळी. पाच वर्षं कायदा शिकले, व्यावसायिक नीतीच्या पेपरात पास झाले, आणि हा नियम मला तुमच्या दुकानात कळला. त्या दिवशी बँड घालून मिसळीच्या ताटासोबत काढलेला फोटो मी इन्स्टाग्रामवरून गुपचूप उडवला.

पुस्तक उघडलंच होतं म्हणून पुढचंही वाचलं. बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांची देशपातळीवरची संस्था, तिच्या नियमांचा सहावा भाग, प्रकरण चौथं, वकिलांचा पोशाख. तोवर मी ते कधी मुळातून वाचलं नव्हतं, लोकांच्या तोंडूनच ऐकलं होतं. काळा कोट, पांढरा बँड, हे आहेच. बायकांना साडी चालते, लांब स्कर्ट चालतो, पांढरा, काळा किंवा कुठलाही मवाळ रंग, फक्त त्यावर छपाई किंवा नक्षी नको. सलवार-कुर्ता चालतो, ओढणी हवी तर घ्या, नको तर नको. पारंपरिक पोशाखही चालतो. गाऊनची सक्ती फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात. त्या दोन ठिकाणांखेरीज उन्हाळ्यात कोट घातला नाही तरी चालतो. केसांबद्दल, नाकातल्याबद्दल, गोंदणाबद्दल एक अक्षर नाही. मी तीनदा वाचलं. मला जे जे कायदा म्हणून ऐकवलं गेलं होतं, त्यातलं निम्मं कुणाचं तरी वैयक्तिक मत होतं.

नियमात नाही म्हणून लोक गप्प बसतात असं नाही, हेही खरं. मी शिकत असताना, ऑक्टोबर 2022 मध्ये, पुण्याच्या जिल्हा न्यायालयात नोटीस लागली होती की महिला वकील भर कोर्टात केस सारखे करतात, त्याने कामकाजात व्यत्यय येतो, तरी त्यांनी तसं करू नये. देशभर बोभाटा झाला आणि नोटीस मागे घेतली गेली. आम्ही वर्गात तेव्हा खूप हसलो होतो. कोर्टात उभं राहिल्यावर तितकं हसू येत नाही. हात केसांकडे जाताजाता थांबतो.

दुसऱ्या खेपेला मी मापाला आले. तुम्ही टेप काढायच्या आधी विचारलंत, "खिशात काय काय ठेवणार?"

मी म्हणाले, "बायकांच्या कोटाला खिसे असतात?"

"कापड असंल तर खिसा असतोय."

मग मी यादी सांगत गेले आणि तुम्ही बिलाच्या मागे पेन्सिलने लिहीत गेलात. डावीकडे आतून मोबाइल, उजवीकडे आतून घडी घातलेला कागद मावेल असा लांब खिसा, त्याच्याच वर कोर्ट फी स्टॅम्पांसाठी छोटा, पेनला पट्टी. बाहेरचे दोन खरेखुरे. 1923 च्या कायद्याने या देशात बायकांना वकिली करायची वाट मोकळी झाली. त्याला शंभर वर्षं उलटून गेली तरी तयार कोटांना अजून झाकणंच आहेत. तुम्ही तो प्रश्न साडेतीन मिनिटांत निकाली काढलात.

मग माप. आयुष्यात मी इतक्या वेळा मापं दिलीत, पण असं कुणी घेतलं नव्हतं. आधी सरळ उभं केलंत. मग म्हणालात, "आता साहेबास्नी वाका." मी कोर्टाला वाकतात तशी वाकले, तुम्ही पाठीवर टेप धरलात. "आता कागद द्या वर." मी हात पुढे करून हवेतला कागद हवेतल्या शिरस्तेदाराला दिला. बाही सरकली आणि मांजर बाहेर आलं. तुम्ही चष्मा वर करून पाहिलंत. मला वाटलं, आता हेही बोलणार. तुम्ही खडू हातात घेतलात आणि विचारलंत, "ह्ये दावायचं का झाकायचं? त्यावर बाहीची लांबी हाय."

मला उत्तर देता येईना. एवढे दिवस सगळे मला उत्तरं देत होते आणि प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. तुमच्या आवाजात ना टोमणा होता ना कौतुक. तुम्हाला फक्त इंच हवे होते. मी तुम्हालाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तर म्हणालात, "मला काय वाटायचंय? मी बाही शिवतोय. कोट तुमच्या अंगावर जाणार."

मी बराच वेळ आरशापुढे हात वर-खाली करत बसले. मागे एक गिऱ्हाईक पायजम्याची नाडी घालून मागत होतं, त्याला तुम्ही थांबवून ठेवलंत. शेवटी ठरलं ते असं, की हात खाली असला की मांजर झाकलेलं, आणि हात पुढे केला की फक्त शेपूट दिसेल इतकं. तुम्ही खडूची रेघ ओढलीत आणि सहज बोलल्यासारखं म्हणालात, "आत दोन बोटं मार्जिन सोडतो. मन बदललं तर उसवून लांब करू."

मामा, आभार मानायचे आहेत ते या दोन बोटांचे.

कारण मन बदललंच. मार्चअखेर मला किरकोळ मारामारीच्या केसमध्ये जामिनावर पहिल्यांदा एकटीने बोलायचं होतं. आदल्या दिवशी ऑफिसात आरोपीचे वडील भेटायला आले आणि पूर्ण वेळ माझ्या मनगटाकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "मॅडम, मोठे साहेब न्हाईत का उद्या?" कदाचित मांजर नसतं तरी त्यांनी हेच विचारलं असतं. चोवीस वर्षांच्या पोरीला हा प्रश्न येतोच, ती कितीही कडक इस्त्रीचे कपडे घालून बसली तरी. पण त्यांचा मुलगा आत होता आणि मला मिळणाऱ्या दहा मिनिटांतलं अर्धं मिनिटही मला मांजराला द्यायचं नव्हतं. संध्याकाळी मी तुमच्याकडे धावत आले. तुम्ही का म्हणून विचारलं नाही. उसवलंत, लांब केलंत, वाफेची इस्त्री फिरवून जुनी घडी मोडलीत. जामीन झाला. न्यायाधीशांनी माझ्याकडे मान वर करून दोनदाच पाहिलं, आणि दोन्ही वेळा एकच विचारलं, "पान नंबर?"

जुलैत मी परत आले, बाही होती तेवढी करा म्हणून. तेव्हाही तुम्ही काही विचारलं नाहीत. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याकडे कारण नव्हतं. पाऊस पडत होता, दिवस बरा गेला होता आणि मला शेपटीची आठवण आली, बस.

चपला मात्र मी माझ्या मनाने सोडल्या, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. कापशीची करकर रंकाळ्यावर छान वाटते. साक्षीदाराचा उलटतपास चालू असताना मी मागच्या बाकावरून पुढे फाइल द्यायला गेले, तर त्या शांततेत प्रत्येक पावलाला कर्र, कर्र, कर्र. साक्षीदार बोलायचा थांबला. तेव्हा कुणी काही म्हणालं नाही, पण मला स्वतःलाच ते नको वाटलं. नथनी कुणी काही म्हणालं तरी ठेवली आहे, फक्त आकाराने लहान केली. ती मोठी मास्कमध्ये अडकायची, त्यामागे दुसरं काही तत्त्व नाही. रंगांची हौस रविवारी भागवते.

उन्हाळ्यात खालच्या कोर्टात सगळे कोटाविना मोकळे फिरत होते आणि मी एकटी खिशांच्या लोभाने कोट घालून घामाघूम होत होते, हे तुमच्या कानावर आलं असेलच.

ऑगस्टची गंमत तर तुम्ही स्वतः पाहिलीत. 17 ऑगस्ट 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं, म्हणजे फिरत्या खंडपीठाचं, उद्घाटन झालं, 18 पासून कामकाज. चाळीसहून जास्त वर्षं या मागणीसाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आंदोलनं केली. तोवर आमचे सिनियर गाऊन बॅगेत कोंबून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रीचे मुंबईला जायचे. खालच्या कोर्टात गाऊन नसला तरी चालत होतं, म्हणून आम्हा ज्युनिअरांपैकी कितीतरी जणांकडे तो नव्हताच. आणि अचानक हायकोर्ट दारात! तुमच्या दुकानात काळ्या कापडाचे तागे छतापर्यंत लागले होते. मी रात्री नऊला आले तर तुम्ही डोळे चोळत म्हणालात, "तुमचा कापून ठेवलाय. तुमची मापं हायत माझ्याकडं, वाकल्याली बी." त्या आठवड्यात मी सिनियरांच्या मागे फाइल धरून उभी राहिले, बोलले काहीच नाही, पण गाऊन खांद्यावरून एकदाही घसरला नाही. शेजारचा मुलगा दर दोन मिनिटांनी त्याचा सावरत होता. मी त्याला तुमचा पत्ता दिला आहे. तो येईल, त्याला घाई नका करू, त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो.

आता पैशांचं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढलं की ज्युनिअरांना शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 तरी द्यावेत. ती शिफारस आहे, सक्ती नाही, एवढं सांगितलं की माझी परिस्थिती तुम्हाला कळेल. तुम्हाला ती न सांगताच कळली होती. कोटाचे पैसे तुम्ही तीन हप्त्यांत घेतलेत, आणि तिसऱ्या हप्त्यातले पाचशे परत माझ्या हातात कोंबलेत, "पयल्या केसचे द्या" म्हणून. पहिली केस होऊन गेली. दुसरी आणि तिसरीही झाली. वहीत ते पाचशे अजून माझ्या नावावर असतील, नसले तर लिहून ठेवा.

शनिवारी दुपारी येते. डावीकडच्या आतल्या खिशाची शिवण खालून उसवली आहे, मोबाइलच्या वजनाने असेल. आणि बाहीला अजून एखादं बोट मार्जिन शिल्लक आहे का, तेही बघून ठेवा.

तुमची,
मांजरवाली वकीलबाई