घरात कपडे वाळत घालायला जिमची सायकल पडून आहे का? आम्हाला द्या (कॅन्सर पेशंटसाठी आवाहन)

नमस्कार बार्शीकर,

आपल्याकडे कॅन्सरच्या उपचाराला भूम, परांडा, करमाळा, माढा कुठून कुठून पेशंट येतात ते काय नवीन सांगायला नको. खेड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवायचं काम देशात पहिल्यांदा सुरू झालं ते पण इथंच, १९८७ साली, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. तर हे पेशंट रेडिएशन चालू असतं तोवर पाच-सहा आठवडे भाड्याने खोली घेऊन राहतात आणि खोलीत दिवसभर झोपून असतात, कारण घरचे उठूच देत नाहीत. "तू पड गं, तांब्या मी देतो." माया असते त्यात, पण घोळ पण तिथंच होतो.

कसा ते बघा. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट विशीतल्या पोरांना तीन आठवडे नुसतं अंथरुणात झोपवून ठेवलं होतं, तर त्यांच्या शरीराची ऑक्सिजन वापरायची ताकद, जिला डॉक्टर लोक व्हीओटू मॅक्स म्हणतात, ती पाव हिश्श्यापेक्षा जास्त उतरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं तेव्हा कळलं की तीस वर्षांच्या वयाने केलं नाही एवढं नुकसान त्या तीन आठवड्यांनी केलं होतं! ती तर तरणीताठी पोरं होती, इथं वर केमो, हिमोग्लोबिन खाली, काहींना ती लाल रंगाची केमो चालू असते जी हृदयाच्या स्नायूला त्रास देऊ शकते (म्हणून तर आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायला लावतात), मग बाथरूमला जाऊन आलं तरी धाप लागते, धाप लागते म्हणून माणूस अजून कमी हलतो, आणि घरचे घाबरतात की आजार छातीत उतरला.

२०२५ मध्ये एक मोठा अभ्यास आला, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ पेशंट, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. ऑपरेशन आणि केमो संपल्यावर अर्ध्या लोकांना तीन वर्षं सोबत माणूस देऊन व्यायाम करायला लावला, बाकीच्यांना माहितीची पुस्तिका दिली. आठ वर्षांनी व्यायामवाल्यांपैकी ९० टक्के हयात होते, पुस्तिकावाल्यांपैकी ८३. म्हणजे "चालत जा हं" एवढं सांगून भागत नाही, सोबतीला कोणीतरी लागतं. सगळ्याच कॅन्सरला हाच आकडा लागू होईल असं आम्ही म्हणत नाही. व्यायामाने कॅन्सर बरा होतो असं तर अजिबातच नाही, तसलं व्हॉट्सॲपवर फिरवू नका प्लीज, केमो सोडून कोणी चालत बसलं तर पंचाईत व्हायची.

म्हणून आपल्या मंडळाने सध्या एका मोकळ्या शेडमध्ये संध्याकाळी पेशंटना सोबतीने चालवायचं सुरू केलंय. फक्कीने तीस मीटरची रेघ मारली, दोन्ही टोकांना प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, आणि पेशंट सहा मिनिटांत किती मीटर चालतो ते वहीत लिहायचं, मध्ये थांबला तरी चालतं, घड्याळ थांबवायचं नाही. वैरागकडच्या एक मावशी आल्या, पायात झिजलेली स्लीपर, एका हातात साडीचा घोळ, स्टुलापाशी वळताना दर वेळी स्लीपर निघायची आणि मालक पाण्याची बाटली घेऊन बरोबरीने पळायचे, "बसा आता बसा आता" करत. फिजिओ मॅडमनी शेवटी मालकांनाच खुर्चीत बसवलं.

मॅडम आठवड्यातून तीनदा येतात, अर्धा तास बेताच्या दमाने चालणं किंवा सायकल, बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतपत. डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय कोणालाच घेत नाही. ताप, प्लेटलेट कमी, छातीत दुखणं, हाडात आजार असेल तर आधी विचारून. अचानक धाप वाढली तर व्यायाम बंद आणि थेट हॉस्पिटल.

आता हवंय काय, तर सगळ्यात आधी हॉल. शंभर फूट सरळ चालता येईल असा, पंखे असलेला. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये धडधाकट माणूस टिकत नाही तिथं पेशंटचं काय घेऊन बसलात. मंगल कार्यालयवाल्यांना हात जोडून विनंती, लग्नाची तारीख नसेल त्या संध्याकाळी दीड तास द्या, झाडून-पुसून परत देऊ. नंतर माणसं. एका पेशंटमागे एक जण, नुसतं बरोबर चालायचं आणि गप्पा मारायच्या, रिटायर झालेले काका-काकू असतील तर उत्तम. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी मात्र येऊ नका, या लोकांची प्रतिकारशक्ती कमी असते.

पैसे लागणारच आहेत. मॅडम स्वतःसाठी काही मागत नाहीत पण त्यांच्या पेट्रोलचं तरी आपण बघायला हवं ना, शिवाय बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, बीपीचं मशिन, आणि बायकांसाठी मागून पट्टा असलेल्या चपला किंवा कापडी बूट. शंभर रुपये दिले तरी पावती मिळेल, महिन्याचा हिशोब मंडळाच्या फळ्यावर लागेल. ८०जी (देणगीवर मिळणारी इन्कम टॅक्सची सूट) आपल्याकडे नाही, आधीच सांगतो, नंतर कुरबुर नको.

आणि सायकली. जागेवर चालवायच्या दोन तरी हव्यात. फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाका, टेम्पो घेऊन आम्हीच येतो, फक्त पेडल फिरतंय आणि सीट खाली-वर होतंय एवढं बघून ठेवा. ट्रेडमिल मात्र कोणी देऊ नका, केमोने बऱ्याच जणांचे तळपाय बधिर होतात आणि पट्ट्यावर तोल जातो.